आय बोल्ट आणि ओढीची दिशा

विजेच्या मोटरच्या माथ्यावर, गिअर बॉक्सच्या झाकणावर, प्रेसच्या डायवर किंवा प्लास्टिकच्या मोल्डच्या बाजूला जे पोलादी कडे बसवलेले दिसते, तो आय बोल्ट. खाली आटे पाडलेला दांडा, वर गोल डोळा आणि चांगल्या बोल्टमध्ये या दोहोंच्या मधे रुंद, सपाट कॉलर, एवढीच त्याची रचना. आट्यांचा भाग जॉबमधल्या भोकात पिळून बसवायचा, डोळ्यात शॅकल किंवा हूक अडकवायचा आणि क्रेनने किंवा चेन पुली ब्लॉकने वजन उचलायचे. उचलण्याच्या सामानात इतकी साधी वस्तू दुसरी नाही. म्हणूनच तिची निवड अशी बहुधा कोणी करत नाही. भोकात जो बसेल तो बोल्ट घातला जातो. क्रेनची क्षमता पाहिली जाते, स्लिंगची पाहिली जाते, पण या दोघांना जॉबशी जोडणारा बोटाएवढा दांडा किती पेलतो, हे विचारायचे राहून जाते.

या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नसते, हीच आय बोल्टची खरी अडचण आहे. साखळी किंवा तारदोर ओढीच्या दिशेला आपोआप वळतो आणि सगळा भार आपल्या लांबीवर घेतो. आय बोल्ट जॉबमध्ये घट्ट रुतलेला असतो, त्याला वळता येत नाही. ओढ दांड्याच्या रेषेत आली तर तो भरपूर वजन पेलतो. ओढ त्या रेषेपासून सरकली की त्याच बोल्टची क्षमता झपाट्याने घसरते. बोल्टवर कोरलेला आकडा बहुतेक वेळा सरळ ओढीचा असतो आणि प्रत्यक्ष कामात ओढ बहुतेक वेळा तिरकी असते. आय बोल्ट वाकल्याच्या किंवा तुटल्याच्या पुष्कळ घटनांचे मूळ या एका विसंगतीत सापडते.

कोणता बोल्ट उचलण्यासाठी

बाजारात आय बोल्ट या नावाखाली परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या वस्तू मिळतात. सळई वाकवून केलेला बोल्ट सर्वांत स्वस्त. त्याच्या डोळ्याचे टोक दांड्याला नुसते टेकलेले असते; कधी तिथे वेल्डिंगचा एखादा टिपका असतो. ताडपत्री बांधणे, तार ताणणे, हलका पाइप लटकवणे एवढ्यापुरता तो ठीक आहे. वजन उचलताना त्याचा डोळा उलगडत जातो, आणि तो कधी पूर्ण उघडेल हे आधी कळत नाही. उचलण्याच्या कामात त्याला जागाच नाही.

उचलण्यासाठीचा बोल्ट फोर्जिंगने, म्हणजे तापवलेल्या पोलादाचा अखंड तुकडा डायमध्ये ठोकून केलेला असतो. फोर्जिंगमध्ये पोलादाच्या कणांची ठेवण डोळ्याच्या गोलाईबरोबर वळते आणि कुठेही सांधा राहत नाही. अशा बोल्टमध्ये दोन जाती आहेत. बिनकॉलरचा बोल्ट फक्त सरळ उभ्या ओढीसाठी असतो. त्याला तिरकी स्लिंग लावणे निषिद्ध आहे. कॉलर असलेला बोल्ट ठरावीक मर्यादेत तिरकी ओढ सहन करतो. जर्मनीचे डीआयएन ५८०, आंतरराष्ट्रीय आयएसओ ३२६६ आणि भारतीय आयएस ४१९० ही मानके अशा कॉलरच्या बोल्टांची आहेत.

ब्रिटिश मानक बीएस ४२७८ मध्ये डायनॅमो आय बोल्ट नावाचा आणखी एक प्रकार येतो आणि तो फसवा आहे. त्याचा डोळा मोठा, क्रेनचा हूक थेट जाईल असा असतो, पण कॉलर लहान असते. कॉलर दिसते म्हणून कामगार त्याला तिरकी स्लिंग लावतात. तो मात्र फक्त सरळ ओढीसाठीच केलेला असतो. त्याच मानकात डोळ्यात लांबट कडी ओवलेला बोल्टही आहे. कडी स्लिंगच्या दिशेला झुकू शकत असल्याने तिरक्या ओढीला तो अधिक सोयीचा ठरतो.

खरेदी करताना बोल्टच्या अंगावर उत्पादकाची खूण, आट्यांचे माप आणि सुरक्षित भार वाचता येतो का, हे आधी पाहावे. ज्या बोल्टवर काहीच कोरलेले नाही, तो कितीही जाड आणि भक्कम दिसला तरी उचलण्याच्या कामाला घेऊ नये. पोलाद कोणते, ते कसे तापवले-थंड केले, हे डोळ्यांना दिसत नाही. त्याची हमी देणारी एकच गोष्ट म्हणजे ती खूण आणि तिच्यामागचे प्रमाणपत्र.

कॉलर काय करते

तिरकी ओढ इतकी घातक का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. एम १६ चा कॉलरचा बोल्ट घ्यावा. डीआयएन ५८० प्रमाणे त्याचा सरळ ओढीचा सुरक्षित भार ७०० किलो आहे. हा भार दांड्याच्या रेषेत लटकला तर सुमारे ६,८७० न्यूटनची ओढ आट्यांच्या १५७ चौरस मिलिमीटर छेदावर पसरते. दर चौरस मिलिमीटरला ताण येतो सुमारे ४४ न्यूटन. साधे पोलाद कायमचे वाकायला लागते ते सुमारे २५० न्यूटनच्या आसपास. म्हणजे बोल्ट निश्चिंत असतो.

आता याच्या निम्मा भार, ३५० किलो, पूर्ण आडव्या दिशेने डोळ्याला लावला आणि कॉलर जॉबला टेकलेली नसली तर काय होईल? डोळ्याचा मध्य जॉबच्या पृष्ठापासून सुमारे ३० मिलिमीटर वर असतो. आडवी ओढ ही उंची तरफेसारखी वापरते आणि दांड्याला मुळाशी वाकवते. आट्यांच्या तळाशी दांड्याचा व्यास जेमतेम साडेतेरा मिलिमीटर उरतो. हिशेब केला तर तिथल्या कडेला ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४३० न्यूटन निघतो. भार निम्मा आणि ताण जवळजवळ दसपट. साधे पोलाद इथे वाकणारच; आणि वाकताना भेग आट्याच्या खाचेतून सुरू होते, जिथे ती बाहेरून दिसतही नाही.

कॉलर जॉबवर पूर्ण टेकली आणि बोल्ट घट्ट पिळला की चित्र बदलते. बोल्ट आडवा ओढला गेला की ओढीच्या बाजूची कॉलरची कड जॉबवर दाबली जाते आणि टेकूचे काम करते. एम १६ च्या कॉलरचा व्यास ३५ मिलिमीटर, म्हणजे कड मध्यरेषेपासून साडेसतरा मिलिमीटरवर. दांडा आता वाकण्याऐवजी त्या टेकूभोवती ताणला जातो. तीच ३५० किलोची आडवी ओढ दांड्यात सुमारे ५,९०० न्यूटनचा सरळ ताण निर्माण करते, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला अडतीसेक न्यूटन. हा हिशेब ढोबळ आहे, कर्तनाचा भाग त्यात धरलेला नाही. पण ४३० आणि ३८ यांतला फरक इतका मोठा आहे की बारकाव्यांनी तो पुसला जात नाही.

कॉलर नीट टेकणे ही सोयीची बाब नाही, हे यातून कळते. कॉलरखाली अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, रंगाचा जाड थर आला, वेल्डिंगचा थेंब अडकला किंवा भोक पृष्ठाला काटकोनात नसल्याने कॉलर एकाच कडेला टेकली, की बोल्ट पहिल्या चित्रात परत जातो. तक्त्यातले तिरक्या ओढीचे सगळे आकडे कॉलर संपूर्ण टेकलेली आहे असे गृहीत धरून दिलेले असतात.

तक्ता वाचताना

डीआयएन ५८० च्या तक्त्यात प्रत्येक मापाला तीन आकडे असतात: सरळ ओढीचा, उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंतच्या तिरक्या स्लिंगचा आणि पूर्ण आडव्या ओढीचा. एम १२ साठी ते ३४०, २४० आणि १७० किलो आहेत. एम १६ साठी ७००, ५०० आणि ३५०. एम २० साठी १,२००, ८६० आणि ६००. एम २४ साठी १,८००, १,२९० आणि ९००. यांतला मधला आकडा दोन पायांच्या स्लिंगमध्ये एका बोल्टच्या वाट्याला येणाऱ्या वजनाचा असतो. म्हणजे एम १६ चे दोन बोल्ट ४५ अंशांवर मिळून १,००० किलोचा जॉब उचलू शकतात.

अमेरिकेतले तक्ते वेगळी भाषा बोलतात. तिथल्या फोर्जिंग करून कडक केलेल्या अर्धा इंची कॉलरच्या बोल्टचा सरळ ओढीचा भार २,६०० पौंड, म्हणजे जवळजवळ १,१८० किलो दिलेला आढळतो. जाडीने तो एम १२ च्या अगदी जवळचा, पण आकडा तिपटीहून अधिक. मात्र त्याच तक्त्यात ४५ अंशांच्या ओढीला सरळ भाराच्या फक्त ३० टक्के आणि आडव्या ओढीला २५ टक्के भार मंजूर असतो. ४५ अंशांवर स्लिंगमधल्या ताणाची मर्यादा होते ७८० पौंड, सुमारे ३५४ किलो. जर्मन एम १२ ने २४० किलो वजन पेलताना त्या तिरक्या स्लिंगमध्ये ताण येतो सुमारे ३४० किलो. दोन देशांच्या तक्त्यांनी सरळ ओढीबद्दल इतके वेगळे आकडे दिले तरी तिरक्या ओढीशी आल्यावर ते जवळजवळ एकाच जागी येतात. बोल्टच्या क्षमतेचा खरा निकष तिरकी ओढच आहे, याचा याहून चांगला पुरावा शोधायची गरज नाही.

धोका असतो तो एका देशाचा आकडा घेऊन त्याला दुसऱ्या देशाची टक्केवारी लावण्यात. अमेरिकी बोल्टचे २,६०० पौंड घेऊन जर्मन पद्धतीने ७० टक्के धरले, तर बोल्टवर मंजूर भाराच्या दुपटीहून जास्त ओढ येते. जो बोल्ट हातात आहे त्याच्याच उत्पादकाचा तक्ता पाहावा, आणि त्यातला आकडा वजनाचा आहे की स्लिंगमधल्या ताणाचा, हेही पाहून घ्यावे. कोन कुठून मोजला आहे हे पाहणेही तितकेच गरजेचे. युरोपी तक्ते बहुधा उभ्या रेषेपासून मोजतात, अमेरिकी बरेचदा आडव्या रेषेपासून. ४५ अंशांवर दोन्ही सारखेच येतात म्हणून घोटाळा लपतो. ६० अंश म्हटले की एकाचा अर्थ सुरक्षित आणि दुसऱ्याचा जीवघेणा होतो.

स्लिंगचा कोन

दोन पायांच्या स्लिंगने १,००० किलो उचलताना पाय अगदी उभे असतील तर प्रत्येक पायात ५०० किलोचा ताण असतो. पाय उभ्या रेषेपासून ३० अंश झुकले की ५७७, ४५ अंशांवर ७०७ आणि ६० अंशांवर थेट १,००० किलो. बोल्टच्या दृष्टीने याहून वाईट गोष्ट म्हणजे या ताणातला आतल्या बाजूला ओढणारा भाग: ३० अंशांवर तो २८९ किलो असतो, ६० अंशांवर ८६६. स्लिंग आखूड पडली म्हणून तशीच ताणून लावण्याची सवय इथे अंगाशी येते. लांब स्लिंग आणून कोन कमी करणे हा बोल्टचा भार कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, फक्त वर हूकला तेवढी उंची मिळायला हवी.

जागेवर कोन मोजायला कोनमापक लागत नाही. दोन बोल्टांमधले अंतर स्लिंगच्या एका पायाच्या लांबीइतके असेल तर पाय उभ्या रेषेपासून ३० अंश झुकलेले असतात. अंतर पायाच्या सव्वापट-दीडपटीच्या मधे, म्हणजे १.४ पटीच्या आसपास गेले की ४५ अंश झाले. त्यापुढे जाऊ नये.

चार बोल्ट लावले म्हणजे प्रत्येकावर पाव वजन आले, असे समजणे चुकीचे आहे. जॉब ताठ असतो आणि चार पाय कधीच अगदी सारख्या लांबीचे नसतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरचे दोन पाय सगळे वजन घेतात आणि उरलेले दोन नुसता तोल सांभाळतात. म्हणून हिशेब दोनच बोल्टांवर करावा.

एक प्रथा मात्र ताबडतोब थांबवायला हवी. दोन बोल्टांच्या डोळ्यांतून एकच स्लिंग ओवून तिची दोन्ही टोके हूकला अडकवली जातात. काम लवकर होते, शॅकल वाचतात. पण स्लिंगचा मधला, दोन बोल्टांमधला आडवा भागही तितकाच ताणला जातो आणि दोन्ही बोल्टांना एकमेकांकडे खेचतो. ४५ अंशांवर १,००० किलोसाठी वेगळ्या दोन पायांनी प्रत्येक बोल्टवर आडवी ओढ ५०० किलो येते. एकच स्लिंग ओवली तर ती सुमारे १,२०० किलो होते. प्रत्येक बोल्टला स्वतंत्र पाय आणि स्वतंत्र शॅकल, याला पर्याय नाही.

डोळ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हाही मुद्दा याच हिशेबातला. कड्याच्या पातळीतच ओढ आली तर कडे ती सहन करते. पातळीला आडवी आली तर कडेच मुरगळते. म्हणून दोन्ही बोल्टांच्या कड्यांची पातळी स्लिंगच्या पायांच्या पातळीत असायला हवी. अडचण अशी की बोल्ट पूर्ण घट्ट झाल्यावर डोळा कुठे थांबेल हे आट्यांवर ठरते. तेव्हा तो दिशेत आणण्यासाठी पाव वेढा सैल करण्याचा मोह होतो, आणि तसे केले की कॉलर उठते. बरोबर उपाय म्हणजे कॉलरखाली योग्य जाडीचा सपाट वॉशर किंवा शिम घालणे. एम १६ च्या आट्यांचे पिच २ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण एका वेढ्याला बोल्ट २ मिलिमीटर सरकतो. डोळा पाव वेढा मागे थांबवायचा तर अर्ध्या मिलिमीटरची शिम पुरते. कॉलरच्या पूर्ण रुंदीला टेकेल अशी गोल शिमच घ्यावी, पत्र्याचा कापलेला तुकडा नव्हे.

भोक आणि आटे

बोल्ट कितीही चांगला असो, त्याला धरून ठेवतात ते जॉबमधले आटे. पोलादी जॉबमध्ये आटे बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट खोलीपर्यंत गुंतलेले असावेत, असा अमेरिकी मानकांचा नियम आहे. बीड किंवा अ‍ॅल्युमिनियम असेल तर दुप्पट आणि त्याहून जास्त खोली ठेवणे शहाणपणाचे. या धातूंचे आटे पोलादापेक्षा लवकर कापले जातात. भोक बोल्टच्या दांड्यापेक्षा खोल हवे, नाहीतर दांडा तळाला टेकतो, बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि कॉलर वरच राहते. भोकाच्या तोंडाला हलकी चेंफर असावी, म्हणजे कॉलरखालची गोलाई अडत नाही. टॅप मारल्यानंतर आत राहिलेला बूर, जुने ग्रीस आणि रंग काढून टाकावा. पातळ प्लेटमध्ये आरपार भोक असेल आणि पुरेसे आटे मिळत नसतील तर खालून नट लावून तो प्लेटला घट्ट आवळावा.

मेट्रिक आणि इंची आट्यांची सरमिसळ हा भारतातल्या कारखान्यांना वारशाने मिळालेला धोका आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेली आट्यांची पद्धत ब्रिटिश यंत्रांबरोबर इथे आली. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, पण जुनी यंत्रे आणि त्यांचे बोल्ट वर्कशॉपांत राहिले. इंची माप सुतांत मोजण्याची सवयही राहिली. आता एम २० चे भोक आणि पाऊण इंची, म्हणजे सहा सुती बोल्ट ही जोडी पाहावी. एम २० चे पिच २.५ मिलिमीटर; पाऊण इंची बोल्टचे, इंचाला दहा आटे या हिशेबाने, २.५४ मिलिमीटर. बोल्टचा व्यास १९.०५ मिलिमीटर, म्हणजे एम २० पेक्षा जवळपास एक मिलिमीटर कमी. हा बोल्ट त्या भोकात सहज फिरत जातो आणि शेवटी कॉलर टेकून घट्टही होतो. पण आट्यांची उंची एकमेकांत सुमारे दोन तृतीयांशच गुंतलेली असते आणि पिचमधल्या फरकामुळे भार सगळ्या आट्यांवर न पसरता थोड्याच आट्यांवर येतो. बोल्ट हाताने फिरवताना नेहमीपेक्षा जास्त हलतो, एवढीच त्याची खूण. शंका आली की व्हर्नियरने व्यास आणि पिच गेजने आटे मोजावेत. बोटांच्या अंदाजावर हा निर्णय सोडू नये.

उचलताना

वजन आधी ठाऊक हवे. नामफलक नसेल तर आकारावरून काढता येते: पोलाद एका घनमीटरला ७,८५० किलो भरते. ६०० × ५०० × ४०० मिलिमीटरचा मोल्डचा ठोकळा ०.१२ घनमीटरचा, म्हणजे सुमारे ९४२ किलोचा. माथ्यावर दोन बोल्ट लावून ४५ अंशांवर उचलायचा तर एम १६ ची मर्यादा १,००० किलो, म्हणजे हिशेबाने पुरते, पण हाताशी काहीच उरत नाही. एम २० घेणे योग्य. हाच ठोकळा समोरासमोरच्या दोन बाजूंत एकेक बोल्ट लावून स्प्रेडर बीमने उचलला तर पाय उभे असले तरी बोल्टच्या दृष्टीने ओढ पूर्ण आडवी आहे. प्रत्येकावर ४७१ किलो येतात. इथे एम १६ चे ३५० किलो अपुरे आहेत, एम २० चे ६०० पुरतात. जॉब तोच आणि वजनही तेच, पण बोल्ट कुठे बसवला यावर उत्तर बदलले.

मोल्ड किंवा डाय पलटी करताना हा बदल उचलण्याच्या मध्यावरच होतो. सुरुवातीला आडवी असलेली ओढ जॉब उभा राहता राहता सरळ होते आणि मधल्या प्रत्येक कोनातून जाते. त्यामुळे पलटी करायच्या जॉबसाठी बोल्ट नेहमी सर्वांत वाईट स्थितीच्या, म्हणजे आडव्या ओढीच्या आकड्यावर निवडावा. अशा कामाला स्विव्हल होइस्ट रिंग खरे तर जास्त योग्य. तिचे कडे गोल फिरते आणि खाली-वरही झुकते, त्यामुळे ते स्वतःच ओढीच्या दिशेला येते आणि उत्पादकाने दिलेला पूर्ण भार सगळ्या कोनांत मिळतो. ती महाग असते आणि टॉर्क रेंचने ठरावीक टॉर्कलाच बसवावी लागते. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यांत जिथे मोठ्या डाय दर पाळीला बदलल्या जातात, तिथे हा खर्च करण्यात काटकसर करू नये.

एकाच बोल्टवर जॉब लटकवला तर तो गरगर फिरू शकतो, आणि फिरता फिरता स्वतःच बोल्टवरून उलगडू शकतो. अशा वेळी हूक आणि बोल्ट यांच्यामध्ये स्विव्हल घालावे आणि जॉबला दोर बांधून तो आवरावा.

मोटरवर उत्पादकाने दिलेला आय बोल्ट फक्त त्या मोटरच्या वजनासाठी असतो. मोटरला पंप किंवा गिअर बॉक्स जोडून, खाली बेसप्लेट लावून सगळे एकत्र त्याच एका बोल्टने उचलणे ही फार ठिकाणी दिसणारी चूक आहे. जोडलेल्या संचाला बेसप्लेटवरून स्वतंत्र उचलजागा शोधाव्यात.

डोळ्यात हूकचे टोक खुपसून ठेवू नये. हूक डोळ्यात पूर्ण बसून मोकळा हलला पाहिजे. तो बसत नसेल तर शॅकल वापरावा. तारदोर थेट डोळ्यातून नेला तर लहान गोलाईवर तो मोडतो. भार हळू घ्यावा. पाय ताठ झाले की थांबून कॉलर, डोळ्याची दिशा आणि तोल पाहावा, जॉब काही सेंटिमीटर उचलून पुन्हा पाहावा आणि मगच वर न्यावा. सुरक्षित भार आणि तुटण्याचा भार यांच्यात पाचपट किंवा त्याहून जास्त अंतर ठेवलेले असते खरे, पण ते झटके, झीज आणि नजरेतून सुटलेल्या दोषांसाठी राखलेले असते. जास्त वजन उचलण्याची ती सवलत नाही. सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला जॉब उचलायचा असेल तर उत्पादकाला विचारल्याशिवाय नेहमीचा आकडा धरू नये.

तपासणी

प्रत्येक वापरापूर्वी बोल्ट हातात घेऊन पाहायला अर्धा मिनिट लागते. दांडा सरळ आहे का, हे सपाट पृष्ठावर लोळवून कळते. डोळा लांबट झाला असेल तर त्याच्यावर एकदा तरी जादा भार आलेला आहे. डोळ्याच्या आतल्या बाजूला शॅकलने घासून पडलेली खाच, आट्यांच्या मुळाशी केसाएवढी रेघ, कॉलरच्या खालच्या पृष्ठावरचे घाव, खोल गंज, उष्णतेने आलेला निळसर रंग, वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग, पुसलेली खूण, यांपैकी काहीही आढळले की बोल्ट बाजूला काढावा. कुठेही मूळ मापाच्या दहा टक्के झीज झाली तर तो रद्द, असा अमेरिकी मानकांचा दंडक आहे. वाकलेला बोल्ट हातोड्याने सरळ करणे, तुटलेला डोळा वेल्डिंगने जोडणे, कॉलर ग्राइंड करणे किंवा आटे खराब झाले म्हणून डाय फिरवून पुन्हा पाडणे, यांतली कोणतीही दुरुस्ती चालत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा तो भाग ठिसूळ होतो, आणि ठिसूळ बोल्ट वाकून इशारा देत नाही.

नियमित तपासणी याहून वेगळी असते. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमाने उचलयंत्रे, साखळ्या, दोर आणि उचलण्याचे सामान यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी आणि तिची नोंदवही हा पायंडा घालून दिला. ब्रिटनमधल्या १९९८ च्या नियमांनुसार उचलण्याच्या सुट्या सामानाची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. वर्षभरात अनेक पाळ्यांत वापरल्या जाणाऱ्या बोल्टांसाठी सहा महिन्यांचा काळ अधिक रास्त वाटतो. त्यासाठी प्रत्येक बोल्टला स्वतःचा क्रमांक हवा आणि तो नोंदवहीतल्या ओळीशी जुळायला हवा. बोल्ट जॉबमध्ये कायमचे पिळून ठेवले तर आटे गंजतात आणि डोळ्याला येताजाता धक्के बसतात. शक्य तिथे काम झाल्यावर ते काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून मापानुसार वेगळ्या खुंट्यांवर टांगावेत, आणि भोकात प्लास्टिकचा बूच बसवावा. मेट्रिक आणि इंची बोल्ट एकाच खुंटीवर येऊ देऊ नयेत. रद्द ठरवलेल्या बोल्टचा डोळा गॅस कटरने कापून मगच तो भंगारात टाकावा, आणि नोंदवहीत त्याच्या क्रमांकासमोर रद्द केल्याची तारीख लिहावी.